किनाऱ्यावर पहिलाच नकार पुरेसा ठरावा म्हणून काय करायचं

किनाऱ्यालगतच्या हॉटेलांत फ्रंट ऑफिसला मी बरंच काम केलं आहे. खोली सोडताना पाहुणे काय बोलतात, हे त्या काउंटरमागे उभं राहून रोज ऐकायला मिळतं. खराब रस्ता, गेलेली वीज, बेचव नाश्ता यांच्याबद्दल लोक स्पष्ट बोलतात, लेखी तक्रारही करतात. पण किनाऱ्यावर दर पाच मिनिटांनी कोणीतरी समोर येऊन उभं राहतं, रिक्षावाला आपल्याला हव्या त्या ठिकाणी न नेता भलत्याच दुकानापुढे उतरवतो, 'फुकट' म्हणून हातात बांधलेल्या धाग्याचे नंतर पैसे मागितले जातात, असल्या गोष्टी पाहुणे सांगतच नाहीत. त्यांना त्या सांगण्याइतक्या मोठ्या वाटत नाहीत. "छान होतं, पण थोडं निवांत बसू दिलं असतं तर बरं झालं असतं," एवढंच म्हणतात, बिल देतात आणि पुढच्या वर्षी दुसरीकडे जातात.

हा त्रास इतका किरकोळ असतो की तो कुठल्याच वहीत नोंदला जात नाही. पोलिसांकडे गुन्हा नाही, नगरपालिकेकडे अर्ज नाही, हॉटेलकडे तक्रार नाही. त्यामुळे गावाला वाटत राहतं की आपल्याकडे सगळं ठीक आहे, फक्त जाहिरात कमी पडते आहे. पुढे मी जे लिहिते आहे ते हॉटेलचालक, विक्रेत्यांच्या संघटना आणि स्थानिक प्रशासन या तिघांसाठी आहे. मी आता विक्रेत्यांच्या संघटनांबरोबर काम करते, त्यामुळे त्यांची बाजूही मला तितकीच महत्त्वाची वाटते.

आधी मोजा

पाहुण्याच्या जागी बसून बघा. एक बाई आरामखुर्चीवर पुस्तक उघडून बसली आहे. चादरी विकणारा येतो, नम्रपणे विचारतो, ती नको म्हणते, तो निघून जातो. मग मोत्यांच्या माळा येतात. मग मालिश, मग बोटीची सफर, मग केसांच्या वेण्या. तासाभरात बारा जण आले आणि बाराही जण सभ्यपणे वागले, तरी तिचं एक पानही वाचून झालेलं नसतं. प्रत्येक विक्रेत्याच्या दृष्टीने त्याने एकदाच विचारलं. तिच्या दृष्टीने बारा वेळा विचारलं गेलं. म्हणजे इथे दोष एकट्या कोणाचा नाही, आणि म्हणूनच एखाद्याला दम देऊन हा प्रश्न सुटत नाही.

बार्बाडोसमध्ये क्लॉस द आल्बुकर्क आणि जेरोम मॅकएलरॉय या अभ्यासकांनी पर्यटकांना होणाऱ्या त्रासाची पाहणी केली, तिचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथेही सर्वाधिक तक्रार होती ती विक्रेत्यांच्या चिकाटीची, आणि जागा होती किनारा. असं काही तुमच्या गावात आहे का, हे अंदाजाने ठरवू नका.

गावात कोणी ओळखत नाही अशा दोघांना बोलवा. त्यांनी पाहुण्यांसारखे कपडे घालून, पिशवी घेऊन, ठरलेल्या तीन-चार जागी एकेक तास बसायचं आणि बसथांब्यापासून हॉटेलपर्यंत, हॉटेलपासून पाण्यापर्यंत चालायचं. प्रत्येक वेळी नोंद करायची: कोण आलं, काय विकायला आलं, नको म्हटल्यावर किती वेळा पुन्हा विचारलं, वाट अडवली का, अंगाला हात लावला का. सकाळी, दुपारी आणि अंधार पडताना अशा तिन्ही वेळी. दर महिन्याला त्याच जागी, त्याच पद्धतीने.

नोंदी करताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवा. पहिली म्हणजे आग्रह: माल खरा आहे, भाव वाजवी आहे, पण माणूस पिच्छा सोडत नाही. दुसरी फसवणूक. तिसरी धमकी, अश्लील शेरे किंवा स्पर्श. या तिन्हींना 'उपद्रव' या एकाच नावाखाली टाकलं की मग उपायही एकच निघतो, तो म्हणजे पोलीस. त्यात टोपल्या घेऊन फिरणारी म्हातारी आणि मुलींच्या मागे लागणारा टग्या एकाच रांगेत उभे राहतात. हे मला अन्यायाचं वाटतं, शिवाय त्याचा उपयोगही होत नाही.

मोजणी झाली की बहुतेक वेळा असं दिसतं की त्रास सगळीकडे सारखा पसरलेला नाही. बसथांबा, किनाऱ्याकडे जाणाऱ्या बोळाचं तोंड, एटीएमच्या पायऱ्या अशा मोजक्या जागा आणि ठरावीक तास निघतात. कामाला सुरुवात तिथून करायची.

कमिशनचा माग काढा

हा भाग सगळ्यांत अवघड आहे, कारण इथे प्रतिष्ठित लोक दुखावतात.

"तुमचं हॉटेल बंद पडलंय, मी चांगलं दाखवतो," असं सांगणारा रिक्षावाला स्वतःच्या मजेसाठी खोटं बोलत नाही. दुसरं एखादं हॉटेल त्याला माणशी पैसे देतं म्हणून बोलतो. किनाऱ्यावर "फक्त बघा, घेऊ नका" म्हणत दुकानापर्यंत ओढून नेणाऱ्या पोराला ते दुकान विक्रीतला वाटा देतं. बोटीच्या सफरीच्या तिकिटात दलालाचा हिस्सा आधीच धरलेला असतो, आणि तो पाहुण्याच्याच खिशातून जातो. ज्या हॉटेलांच्या बैठकीत फेरीवाल्यांविरुद्ध सर्वांत मोठा आवाज निघतो, त्यांच्याच रिसेप्शनवर अनेकदा कमिशनची वही असते. मी ती वही हाताळलेली आहे, त्यामुळे हे ठामपणे सांगते.

म्हणून एक कागद घ्या आणि त्यावर साधा नकाशा काढा: पाहुणा गावात उतरल्यापासून परत जाईपर्यंत कोणाकोणाला पैसे देतो आणि त्यातला वाटा पुढे कोणाकडे जातो. विक्रेते, चालक, हॉटेल, दुकानदार यांना वेगवेगळं विचारा. एकत्र बसवून विचारलंत तर कोणी खरं सांगणार नाही. मग संघटनेच्या सभासदांकडून एकच गोष्ट लिहून घ्या: ओळखपत्र नसलेल्या कोणालाही गिऱ्हाईक आणल्याबद्दल पैसे द्यायचे नाहीत. ओळखपत्रवाल्याला द्यायचे असतील तर तो दर सगळ्यांचा सारखा आणि उघड असावा. दलालाला वाळूवरून हाकलून काही होत नाही. दुकानातून मिळणारे पैसे थांबले की तो आपोआप दुसरं काम शोधतो.

जागा, बिल्ला आणि दरफलक

पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात किनाऱ्यावर पाहुण्यांच्या मागे लागणाऱ्या तरुणांना 'बम्स्टर' म्हणतात. त्यांच्यामुळे पाहुणे हॉटेलच्या आवाराबाहेर पडेनासे झाले आणि बाहेर फळं, रस, हस्तकला विकणाऱ्यांचा धंदा बसला. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तिथे एक वेगळा प्रयोग झाला. फळवाल्या, रसवाले, हस्तकलेचे विक्रेते आणि वाटाडे यांनी हॉटेलांबरोबर बसून स्वतःच आचारसंहिता ठरवली. बिल्ले घेतले, ठरावीक जागी नीट स्टॉल मांडले, दर लिहून लावले, मागे लागायचं नाही असं कबूल केलं. हॉटेलांनी पाहुण्यांना या लोकांकडे जायला सांगायला सुरुवात केली. विक्रेत्यांचं उत्पन्न चांगलं वाढलं. त्रास कमी करण्यासाठी त्यांच्या पोटावर पाय द्यावा लागला नाही, हे मला यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

तुमच्याकडे हे करताना जागा आधी ठरवा, बिल्ले नंतर द्या. नुसता बिल्ला छातीला लावून माणूस पूर्वीसारखाच आरामखुर्च्यांमधून फिरत राहिला तर पाहुण्याला अधिकृत त्रास होतो, एवढाच फरक पडतो. स्टॉल अशा वाटेवर हवेत की जिथून पाहुणा दिवसातून दोनदा तरी स्वतःहून जातो. वाळूच्या दूरच्या टोकाला, जिथे कोणी फिरकत नाही अशा जागी विक्रेत्यांना ढकललंत तर आठवड्यात ते परत खुर्च्यांपाशी येतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

खुर्च्या आणि स्टॉल यांच्यामध्ये एक रेषा आखा. दोरी चालेल, कुंड्या चालतील. रेषेच्या आत विक्रेत्याने जायचं नाही, पाहुण्याने बोलावलं तरच जायचं. बोलावण्यासाठी प्रत्येक छत्रीला एक लहानसा रंगीत झेंडा द्या, वर केला की विक्रेता येतो. ज्यांचा माल फिरूनच विकला जातो त्यांच्या पाळ्या लावा, म्हणजे एका वेळी एकाच वस्तूचे पाच जण किनाऱ्यावर नसतील.

दरफलकाला विक्रेते सुरुवातीला हमखास विरोध करतात. घासाघीस करूनच दोन पैसे जास्त सुटतात, असं त्यांचं म्हणणं असतं. त्यांच्याशी वाद घालू नका. एका टोकाच्या चार-पाच स्टॉलवर दर लावून बघा आणि संध्याकाळी त्यांच्याच तोंडून ऐका. भाव माहीत नसला की बुजरा पाहुणा विचारायलाच येत नाही, कारण विचारलं की अडकलो अशी त्याला भीती असते. भाव समोर दिसला की तो थांबतो, वस्तू हातात घेतो, उलटीपालटी करतो. विक्री तिथून सुरू होते.

नियम कोणी पाळून घ्यायचे

चांगल्या नावाचा फायदा गावातल्या सगळ्यांना मिळतो, पण ते नाव बिघडवायला एकच माणूस पुरतो, आणि बिघडवणाऱ्याला त्या दिवशी चार पैसे जास्तच मिळतात. म्हणजे गावाचं नाव ही गायरानासारखी सामाईक मालमत्ता आहे. अशा सामाईक गोष्टी लोक कशा सांभाळतात याचा अभ्यास एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी मासेमारी, पाटाचं पाणी, जंगलं यांच्या उदाहरणांवरून केला आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी दाखवलं की जिथे वापरणारे कोण हे नक्की असतं, नियम करण्यात त्यांचा हात असतो, देखरेख ते स्वतः किंवा त्यांना उत्तरदायी माणसं करतात आणि शिक्षा हळूहळू वाढत जाते, तिथे व्यवस्था टिकते.

किनाऱ्यावर हे असं उतरवता येतं. विक्रेत्यांनी आपल्यातूनच दोघे देखरेखीला नेमायचे, दर आठवड्याला बदलून. पहिल्या चुकीला खासगीत समज. दुसरीला एक दिवस बंद. तिसरीला सीझनमधला एक आठवडा बंद. त्यानंतर बिल्ला जमा. पहिल्याच चुकीला जबर दंड ठेवलात तर देखरेख करणारा शेजाऱ्याचं नाव सांगणारच नाही, कारण त्याला त्याच्याशेजारीच दिवसभर बसायचं असतं. दंड लहान असला की तो लावला जातो.

आचारसंहिता एका पानात मावली पाहिजे. तिचा गाभा असा: पहिला नकार शेवटचा. वाट अडवायची नाही. अंगाला हात लावायचा नाही. आधी भाव सांगायचा, मग वस्तू हातात द्यायची. 'भेट' म्हणून काहीही अंगावर घालायचं नाही.

लहान मुलं विकायला येत असतील तर त्यांना दंड करू नका, हाकलूही नका. शाळा आणि बालसंरक्षण यंत्रणेला कळवा आणि त्यांच्या घरातल्या मोठ्या माणसाला स्टॉल मिळेल असं बघा.

भाड्याने दिलेल्या वाहनांची देवघेव

फसवणुकीतला हा प्रकार वेगळा काढते, कारण यात रक्कम मोठी असते आणि बोभाटा दूरवर जातो. थायलंडमधल्या पट्टाया आणि फुकेत इथे जेट स्की परत केल्यावर जुनेच ओरखडे दाखवून भरपाई मागण्याचे प्रकार वर्षानुवर्षं गाजले. फुकेतमध्ये विम्याचा नियम आणूनही तक्रारी येतच राहिल्या. कागदावरचा विमा वाळूवरची हुज्जत थांबवत नाही. ती थांबते ती वाहन हाती देतानाच्या दोन मिनिटांत.

वाहन देण्याआधी मालक आणि पाहुण्याने मिळून त्याभोवती एक फेरी मारायची. पाहुण्याच्याच फोनवर व्हिडिओ करायचा, आणि त्यात मालकाचा आवाज यायला हवा: "इथे ओरखडा आहे, इथे तडा आहे." जेट स्की पाण्यात असेल तर बाहेर ओढून तळ दाखवायचा, कारण भांडण नेमकं त्या तळावरून होतं. स्कूटर असेल तर आरशांच्या कडा, पायदान आणि खालचं प्लास्टिक. छापील फलकावर कुठल्या भागाच्या नुकसानीला किती लागतील ते लिहिलेलं असावं. पासपोर्ट किंवा मूळ ओळखपत्र अडकवून ठेवायला बंदी असावी, अनामत रक्कम पुरेशी आहे. वाद झालाच तर किंमत मालकाने न ठरवता संघटनेने नेमलेल्या, भाड्याच्या धंद्यात नसलेल्या मेकॅनिकने ठरवावी.

तक्रार पाहुणा गावात असतानाच मिटवा

पाहुणा तारखेला हजर राहायला परत येत नाही, हे फसवणाऱ्याला पक्कं माहीत असतं. म्हणून तक्रारीची जागा किनाऱ्यावरच हवी, आणि निकाल त्याच दिवशी. विक्रेते आणि हॉटेलं यांच्या वर्गणीतून छोटा निधी ठेवा. बिल्लावाल्याने जास्त पैसे घेतल्याचं दिसलं तर पाहुण्याला निधीतून लगेच परत द्या आणि वसुली सभासदाकडून नंतर करा.

पोलिसांचं काम धमकी, स्पर्श, चोरी आणि मोठी फसवणूक यांच्यासाठी राखून ठेवा, तिथे मात्र ते ताबडतोब आले पाहिजेत. कायद्याचा आधार लागतोच. गोव्यात पर्यटनस्थळांच्या संरक्षणासाठी २००१ मध्ये स्वतंत्र कायदा झाला, तसा आधार असला की कारवाईला अडचण येत नाही. पण नुसत्या धाडींवर भिस्त ठेवू नका. धाड पडली की पहिल्यांदा सापडते ती डोक्यावर टोपली असलेली बाई, कारण तिला माल टाकून पळता येत नाही. दलालाच्या हातात काहीच नसतं, तो पर्यटकांच्या घोळक्यात मिसळून जातो आणि तासाभराने परत येतो.

परतीचा प्रवास

१९९३ मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. लोकांना एकदा १४ अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात ६० सेकंद हात धरायला लावला. दुसऱ्या वेळी तेच ६० सेकंद, आणि वर आणखी ३० सेकंद, पण त्यात पाणी हळूहळू १५ अंशांवर नेलं. पुन्हा कुठलं करायला आवडेल असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेला प्रकार निवडला. एकूण त्रास जास्त होता, पण शेवट थोडा सुसह्य होता.

पाहुण्याच्या गावातल्या शेवटच्या तासाकडे म्हणूनच लक्ष द्या. सगळी सुट्टी चांगली गेली आणि निघताना टॅक्सीवाल्याने ठरलेल्या भाड्यापेक्षा जास्त मागत डिकीतलं सामान अडवून धरलं, तर घरी जाऊन पाहुणा तेवढंच सांगतो. स्थानकावर आणि विमानतळावर जाण्याचे दर हॉटेलच्या दाराशी लिहिलेले असावेत. पैसे आधी भरून पावती घेण्याची सोय असावी, आणि पावतीचा अर्धा भाग पोहोचल्यावरच चालकाला द्यायचा आणि तो दाखवल्यावरच त्याला पैसे मिळायचे, म्हणजे वाटेत भाव बदलत नाही. येतानाच्या प्रवासासाठीही हेच करा.

पाहुण्यांना किती सावध करायचं

खोलीत 'इथे फसवतात' अशी लांबलचक यादी ठेवू नका. घाबरलेला पाहुणा बाहेर पडत नाही. जमैकात सगळं काही आवारातच मिळणारी रिसॉर्टं भरभराटीला आली, त्यामागे बाहेरच्या त्रासाची भीती हेही एक कारण होतं. अशा ठिकाणी पाहुण्यांची गर्दी दिसते, पण बाहेरच्या दुकानदाराच्या गल्ल्यात काही पडत नाही. मग मोजक्या गिऱ्हाइकांसाठी विक्रेते आणखी मागे लागतात आणि उरलेलेही आत जातात.

एक लहान कार्ड पुरे. त्यावर नेहमीच्या वस्तूंचे आणि प्रवासाचे दर, बिल्ला कसा दिसतो त्याचं चित्र, तक्रारीचा नंबर. आणि एक विनंती: मागे मागे आलेल्याकडून कीव येऊन काही घेऊ नका, घ्यायचंच असेल तर स्टॉलवर जाऊन घ्या. दमून केलेली एक खरेदी पुढच्या दहा पाहुण्यांच्या मागे माणूस लावते. काउंटरवरच्या मुलामुलींनाही हे नीट समजावून द्या, कारण पाहुणा कार्ड वाचण्याआधी त्यांना विचारतो.

मोजणीचे आकडे दर महिन्याला संघटनेच्या फलकावर लावा, वाईट महिन्याचेही. पहिल्या दोन-तीन महिन्यांत आकडे झपाट्याने खाली येतात आणि मग सीझनच्या ऐन गर्दीत पुन्हा चढतात, असं मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे. तसं झालं की विक्रेत्यांची सभा बोलावून भाषणं करू नका. कमिशनचा नकाशा पुन्हा काढा. बहुधा एखाद्या दुकानाने किंवा हॉटेलने परत माणशी पैसे द्यायला सुरुवात केलेली असते. त्यांच्या मालकाला आधी भेटा.